सावडीचा हात

माझं कोपर पहिल्यांदा दुखलं तेव्हा मी त्याच्यावर चिडले. दुखलं म्हणून नव्हे, पाहुण्यांसमोर दुखलं म्हणून. नवऱ्याचे मामा-मामी बऱ्याच दिवसांनी वस्तीवर आले होते. मामांच्या हातात कपबशी द्यायला गेले आणि उजव्या कोपराच्या बाहेरच्या अंगाला अशी कळ आली की बोटांतलं बळच गेलं. बशी कलली, कप घसरला आणि सगळा चहा मामांच्या धुवट पायजम्यावर. मामा सज्जन माणूस, ‘असू दे, असू दे’ म्हणत उठले. मामी तेवढ्या सज्जन नव्हत्या. आजकालच्या बायकांचं लक्ष मोबाईलमध्येच असतं, असं त्या म्हणाल्या. मोबाईल माझ्या जवळपाससुद्धा नव्हता. पण कपबशी उचलताना हात दुखला हे सांगण्यापेक्षा मामींचं बोलणं ऐकून घेणं मला सोपं वाटलं. मी हसून दुसरा चहा टाकला.

मी हातांचा तोरा मिरवणारी बाई आहे, हे इथंच सांगून टाकते. देवळाली प्रवरेच्या अलीकडं आमची वस्ती. थोडा ऊस, गाईंपुरता घास, दोन गाई आणि उन्हाळी कांदा. रूप बेताचं, शिक्षण बारावीपर्यंत, माहेर साधंच. पण काम हातात घेतलं की माझ्या पुढं कुणी जात नसे. ‘हिच्या हाताला मशीन बसवलंय’ असं सासरे एकदा चार माणसांत म्हणाले होते. सासरी माझ्या वाट्याला आलेलं कौतुकाचं ते एकुलतं एक वाक्य, आणि त्यावर मी वीसेक वर्षं काढली.

उन्हाळी कांद्याची काटणी आम्ही पाचजणी सावडीनं करतो. आज आम्ही सगळ्या तुझ्या रानात, उद्या तू आणि बाकीच्या माझ्या रानात. पैशांचा संबंध नाही, हाताला हात द्यायचा. ज्या घरी रोजानं बाया लावणं परवडत नाही त्या घरांचं सगळं यावर चालतं. सावडीला कुणी कागद करत नाही, पण कुणी कुणाचा किती हात देणं लागतं हे प्रत्येकीला बरोबर ठाऊक असतं. जिच्याकडून हात परत येत नाही, तिला कुणी काढून टाकत नाही. पुढच्या वर्षी तिला बोलवायचं राहून जातं, इतकंच. मग तिनं आपल्या रानात एकटीनं बसायचं. मला त्याचीच धास्ती होती. बाकी कशाची नव्हती.

काटणी म्हणजे बसून करायचं काम, म्हणून लांबून सोपं दिसतं. कांदे उपटून रानातच त्यांच्या पाल्याखाली वाळत टाकलेले असतात. डाव्या हातात कांदा उचलायचा, उजव्या हातातल्या विळ्यानं वाळलेली पात मानेपासून बोटभर ठेवून छाटायची, कांदा ढिगावर टाकायचा, दुसरा उचलायचा. प्रत्येकीनं आपापली पट्टी धरायची आणि पुढं सरकत जायचं. बोलणं चालू असतं, हसणं चालू असतं आणि मनगट वळत असतं. विळ्याची मूठ बारीक, घामानं गुळगुळीत झालेली. ती निसटू नये म्हणून मी ती आवळून धरते. सगळ्यात पुढं मी असायची आणि मागं वळून ‘चला गं, सासरी आल्यासारख्या काय लाजताय’ म्हणून बाकीच्यांना चिडवायची.

त्या वर्षी माझा कांदा आधी तयार झाला म्हणून सावड माझ्या रानापासून सुरू झाली. कपबशी पडून महिना झाला होता. कळ येत-जात होती. पिळे देऊन कपडे वाळत घालताना यायची, तव्याला पकड लावून उचलताना यायची, दाराची कडी ओढतानासुद्धा यायची. मी कुणाला बोलले नाही. सावडीत ‘माझा हात दुखतोय’ हे वाक्य चालत नाही. दुखत सगळ्यांचंच असतं. एकीनं बोलून दाखवलं की बाकीच्या जणी गप्प राहून जे सोसत असतात त्याचा अपमान झाल्यासारखं होतं. शिवाय माझ्या हातावर दाखवण्यासारखं काही नव्हतं. सूज नाही, लाली नाही, ओरखडा नाही. पाय मोडला तर प्लास्टर दिसतं, ताप आला तर अंग तापतं. माझं कोपर दिसायला अगदी चांगलं होतं, मेलं.

बायांनी माझं रान उरकून दिलं. मीही त्यांच्या बरोबरीनं काटलं, दात-ओठ खाऊन. शेवटच्या दिवशी सगळ्यांना चहा द्यायचा होता तर पातेलं दोन्ही हातांनी उचलावं लागलं. कुणाच्या लक्षात आलं नाही, असं मी धरून चालले.

दुसरं रान शेजारणीचं होतं. बांधाला बांध लागून तिची वस्ती. पस्तिशीची असेल. नवरा ट्रॅक्टरवर असतो, तो बहुतेक बाहेरच. सासू अंथरुणाला खिळलेली. ती मला काकू म्हणते, मी तिला नुसतं ‘अगं’ म्हणते. तिचा कांदा उपटून पडलेला होता आणि मोबाईलवर रोज अवकाळीचे निरोप येत होते. म्हणजे हात पटपट चालायला हवे होते, आणि नेमका माझाच चालत नव्हता.

पहिल्या दिवशी तासाभरात मला विळा धरवेना. मी तो डाव्या हातात घेतला. डाव्या हातानं बोटभर मान कशी राखणार? कुठं मान राहिली, कुठं कांद्यालाच विळा लागला. आखूड कापलेला कांदा साठवणीच्या चाळीत टिकत नाही, आधी तोच सडतो, हे मला काय कुणी सांगायला हवं होतं? तरी मी तसेच कांदे ढिगावर टाकत राहिले आणि वर चांगले पसरत राहिले. माझी पट्टी मागं पडली. थोड्या वेळानं पाहिलं तर शेजारीण आपली पट्टी काटता काटता माझ्या बाजूचेही कांदे ओढून घेत होती. बोलली काही नाही, माझ्याकडं पाहिलंही नाही. तिच्या रानात, तिच्या अडचणीच्या वेळी, माझं काम तीच करत होती. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्या दिवशी मी कुणालाही चिडवलं नाही.

संध्याकाळी धारा झाल्यावर मी बिब्बा काढला. आमच्या माहेरी पाय मुरगळला, पाठ धरली, की बिब्बा. सुईला टोचून दिव्याच्या ज्योतीवर धरला की काळं तेल सुटतं, त्याचे दुखऱ्या जागेवर बारीक ठिपके द्यायचे. ठिपकेच द्यायचे असतात, तेही जपून, कारण बिब्बा उतला तर कातडी सोलून निघते. मी ठिपके दिले नाहीत. कोपरापासून खाली चांगला लेप दिला. जास्त दुखतंय म्हणून जास्त लावला, असं मी नवऱ्याला सांगितलं आणि ते अर्धं खरं होतं. उरलेलं अर्धं असं की उतला तर उतू दे, दिसेल तरी, असं माझ्या मनात येऊन गेलं होतं. हा विचार मी तेव्हा पुरता केलासुद्धा नव्हता. पण आला होता, हे मला माहीत आहे.

बिब्ब्यानं माझी निराशा केली नाही. सकाळी हात मनगटापर्यंत सुजला होता, कोपराखाली फोड आले होते आणि खाज अशी की हात भिंतीला घासावा. खोबरेल तेल चोपडून, वर पातळ फडकं गुंडाळून मी शेजारणीच्या रानात गेले. बायांनी पाहिलं. एकीनं कपाळाला हात लावला, दुसरीनं मला सावलीला बसवलं. शेजारीण म्हणाली की काकू, घरी जा, या हातानं काही करू नका. आणि मला काय वाटलं असेल? बरं वाटलं. अंगाची आग होत होती आणि मला बरं वाटलं, की आता तरी यांना पटलं. घरी येताना बांधावरच मला माझी किळस आली.

त्या चौघींनी काटत राहायचं आणि मी ओसरीवर बसून हाताला वारा घालायचा, असं चाललं. तिसऱ्या दिवशी दुपार कलताना उत्तरेकडून काळं आलं. वारा सुटला. शेजारणीच्या रानातला निम्मा-अधिक कांदा चाळीत गेला होता, पण शेवटचे काही वाफे काटायचे राहिले होते. बाया धावायला लागल्या. माझा नवरा आमच्या चाळीतली जादा ताडपत्री ओढून घेऊन पळाला, मागं मी. ताडपत्रीचं एक टोक मला धरायला दिलं. डाव्या हातानं धरलं. पहिल्याच झपाट्याला ते सुटलं आणि ताडपत्री शिडासारखी फुगून बांधापलीकडं उसात गेली. नवरा ओरडला नाही. ओरडला असता तर बरं झालं असतं.

पाऊस अर्धाच तास पडला असेल. तेवढा पुरला. ओला कांदा तिनं नंतर पसरून वाळवला, निवडला, तरी बराच गेला. पुढं कितीतरी दिवस वारा तिकडून आला की सडक्या कांद्याचा वास आमच्या ओसरीवर यायचा. मी मनाशी हिशेब करायचे की राहिलेले वाफे म्हणजे साधारण एका बाईचं काम. कुठल्या बाईचं ते मला विचारायची गरज नव्हती. आमचा कांदा मात्र चाळीत कोरडा ठणठणीत. एकदा धीर करून तिला म्हटलं की माझ्यामुळं झालं तुझं. ती शेण भरत होती. हात न थांबवता म्हणाली, “पाऊस काय तुमी पाडला व्हय, काकू?” तिनं हसून म्हटलं. तिच्या हसण्यानं मला जास्त लागलं.

फोड बसेनात तेव्हा नवऱ्यानं मला नगरला हाडांच्या डॉक्टरकडं नेलं. डॉक्टरांनी आधी बिब्ब्याचा पराक्रम पाहिला आणि म्हणाले, दुखणं एक होतं, तुम्ही दोन केलीत. मग हात सरळ करायला लावला, मूठ वळायला लावली आणि मनगट वर उचला म्हणाले. मी उचललं, त्यांनी वरून दाबलं आणि मी खुर्चीतून उठलेच. कोपराच्या बाहेर जो हाडाचा उंचवटा असतो त्यावर त्यांनी नेमकं बोट ठेवलं. इथंच ना? इथंच. इतके दिवस ज्याला मी नुसतं ‘हात’ म्हणत होते, ते एका बोटाच्या टोकाएवढं होतं.

त्यांनी समजावून सांगितलं ते मला पटलं, कारण त्यांनी विळा धरल्यासारखी स्वतःची मूठ वळून दाखवली. सांधा चांगला आहे, हाडाला काही झालेलं नाही. मनगट वर उचलणारे स्नायू हाताच्या मागच्या अंगाला असतात आणि ते सगळे मिळून एका दोरीनं त्या उंचवट्याला बांधलेले असतात. आपण मूठ आवळतो तेव्हा मनगट खाली वळू नये म्हणून ती दोरी ताणून उभी असते. मला वाटायचं, विळा बोटांनी धरतात. धरतात बोटांनी, पण भार येतो कोपरावर. रोज तोच ताण, आणि भरून यायच्या आत दुसऱ्या दिवशी पुन्हा तोच. मग दोरीचे धागे विसविशीत होतात. सूज दिसत नाही ती त्यामुळंच. आतून झिजलेलं असतं, वरून काय दिसणार?

या दुखण्याला टेनिस एल्बो म्हणतात, असंही ते म्हणाले. नवऱ्याला तेवढंच पाहिजे होतं. एसटीत बसल्यावर त्यानं विचारलं, टेनिस खेळायला कधी गेली होतीस, मला न सांगता? मी खिडकीकडं तोंड केलं. पण त्याआधी, दवाखान्यात, मी डॉक्टरांना एक गळ घातली होती. इंजेक्शन द्या, मला उद्यापासून काटणीला जायचंय. ते म्हणाले की देता येईल, काही दिवस बरंही वाटेल. पण बरं वाटलं की माणूस पुन्हा तीच दोरी ओढतो, आणि काही महिन्यांनी पाहावं तर इंजेक्शन न घेतलेलेच जास्त बरे असतात. या आठवड्याचा विचार करायचा की पुढच्या हंगामाचा, ते तुम्ही ठरवा. मी पुढचा हंगाम म्हटलं. या आठवड्याला मला तोंड दाखवायला जागाच नव्हती.

मग माझा व्यायाम सुरू झाला. कातडी भरून आल्यावर दवाखान्यातल्या व्यायाम शिकवणाऱ्या बाईंनी दाखवला तसा. टेबलावर हात पालथा ठेवायचा, पंजा टेबलाबाहेर. हातात अर्ध्या लिटरची पाण्याची बाटली, सुरुवातीला अर्धीच भरलेली. डाव्या हातानं उजवा पंजा वर उचलून द्यायचा आणि मग उजव्यानं एकट्यानं हळूहळू खाली न्यायचा. खाली नेणं हेच औषध. थोडं दुखलं तर चालेल, सकाळी उठल्यावर जास्त दुखलं तर पाणी कमी करायचं. हात बांधून ठेवायचा नाही, आणि ओढूनही न्यायचा नाही. जड वस्तू तळवा वर करून, कोपर अंगाशी घेऊन उचलायची. कामाच्या वेळी कोपराच्या दोन बोटं खाली पट्टा बांधायचा. विळ्याच्या मुठीला कापड गुंडाळून ती जाड करायची, म्हणजे आवळावी लागत नाही. बारीक मुठीनं मला एवढी वर्षं लुटलं, हे मला तेव्हा कळलं.

घरात टेबल नाही म्हणून मी ओसरीच्या कठड्यावर हात ठेवायची. ओसरी रस्त्याला लागून. जाणारे-येणारे बघायचे की ही बाई दिवसाढवळ्या बाटली वर-खाली करत बसलीय. एका म्हाताऱ्यानं थांबून विचारलं, पाणी गाळताय का? मी हो म्हटलं. शेजारच्या रानात बाया खुरपत असल्या की मी बाटली पदराखाली घ्यायची. घास कापायचा, धारा काढायच्या, सगळं नवऱ्याकडं गेलं. त्याचंही काही नाही. पण धुणं पिळायला मला जमेना, तेव्हा तोच नळावर माझ्यासमोर उभा राहून माझ्या साडीचं दुसरं टोक पिळायचा. आमच्याकडं पुरुष नळावर बायकोची साडी पिळत नाही. त्याला कुणी काही म्हटलं तर तो म्हणायचा, टेनिसवाल्या बाईचा नवरा आहे मी, करावं लागतं. लोक हसायचे. मी मान खाली घालून बादली बघत राहायची. तो माझी बाजू घेतोय हे मला कळत होतं, आणि माझी बाजू कुणाला तरी घ्यावी लागते याचंच मला वाईट वाटत होतं.

पावसाळा गेला, दिवाळी झाली. मध्ये एकदा हात अगदी बरा वाटला म्हणून मी दुधाचं कॅन उचललं आणि पुन्हा महिनाभर मागं गेले. त्या दिवशी मी रडले, अगदी हुंदके देऊन. मग पुन्हा अर्ध्या बाटलीपासून सुरुवात केली. थंडी संपता संपता भरलेली बाटली दुखल्याशिवाय खाली नेता यायला लागली. चहाचं पातेलं एका हातानं उतरवता यायला लागलं. कांदा तयार होत आला तेव्हा मी विळ्याच्या मुठीला जुन्या साडीचं कापड गुंडाळून ठेवलं.

आणि एका सकाळी धार काढून बाहेर आले तर बांधापलीकडं शेजारणीच्या रानात डोक्याला फडकी बांधलेल्या बाया बसल्या होत्या. काटणी सुरू झाली होती. चौघी होत्या. पाचव्या जागेवर कुणी नव्हतं. मला कुणी बोलावलं नव्हतं.

मी घरात गेले. आधी राग आला, एवढा की भाकरीचं पीठ सांडलं. वीस वर्षं यांच्या रानात सगळ्यात पुढं कोण होतं? मग रागाला धरून ठेवायला काही सापडेना. यांचं काय चुकलं? मागच्या वर्षी त्यांनी माझं रान पुरं करून दिलं होतं आणि मी कुणाच्याच रानात एक दिवसही नीट बसले नव्हते. चौघींचे हात माझ्याकडं अडकून पडले होते. मी दोन दिवस बांधाकडं पाहिलं नाही. नवरा म्हणाला की जाऊन विचार. मी म्हटलं, कोणत्या तोंडानं विचारू?

तिसऱ्या दिवशी गेले. पट्टा बांधला, विळा घेतला, बांध ओलांडला. बायांचं बोलणं थांबलं. मी उभीच होते. इतक्या दिवसांत मनात घोळवलेलं सगळं विसरले आणि नको तेच आधी बोलले. मागच्या वर्षीची सूज दुखण्याची नव्हती, बिब्ब्याची होती, मीच लावला होता, असं भडाभडा सांगून टाकलं. शेजारणीनं हातातला कांदा ढिगावर टाकला आणि मला म्हणाली, “आमाला ठाऊक हाय की. बिब्ब्याचा डाग कुनाला कळत न्हाई व्हय, काकू?”

मी विचारलं, मग मला घरी का पाठवलं?

ती म्हणाली, “जी बाई सोताच्या हातावर बिब्बा वतून घेती, तिला किती दुखत आसंल, आसं म्हनलं आमी.”

मी खाली बसले. वर्षभर मी ज्या गोष्टीसाठी तोंड लपवत होते ती यांना पहिल्याच दिवशी माहीत होती, आणि त्यांनी तिचा अर्थ माझ्यासारखा लावला नव्हता. त्यांनी दया दाखवली ती सुजेला नव्हती. त्यांना पटवायची गरजच नव्हती, मी फक्त सांगायला हवं होतं. आणि तेवढंच मी केलं नव्हतं. माझ्या न सांगण्यानं तिचा कांदा भिजला. पहिल्या दिवशी सांगितलं असतं तर ती दुसरीकडून एक बाई बघून आणू शकली असती. हे आता सुचून काय उपयोग?

मग यंदा बोलावलं का नाही, ते मला विचारवेना. तिनंच सांगितलं. सांगताना तिनं पुन्हा विळा चालवायला घेतला होता, मला वाटतं माझ्याकडं पाहायला नको म्हणून.

“तुमाला न्हाई म्हनता येत न्हाई. बोलीवलं आस्तं तर तुमी आल्या आस्त्या आन हात मोडून घेतला आस्ता.”

दुसरी एक म्हणाली की आता आल्याच आहात तर बसा, पण आमच्या पुढं जायचं नाही. सगळ्या हसल्या. मी एक पट्टी धरली. जाड मुठीचा विळा हलका धरून, मान बोटभर राखून, एकेक कांदा. कासवासारखी. पुढच्यांच्या पाठी लांब गेल्या. किती वेळ गेला कोण जाणे, कोपरात ती ओळखीची कळ डोकावली. अजून थोडं ओढता आलं असतं. ओढणारच होते. पण समोर कुणीच माझ्याकडं बघत नव्हतं आणि तरी सगळ्यांच्या विळ्यांचा आवाज मंदावला होता. त्या वाट बघत होत्या.

मी विळा खाली ठेवला आणि म्हटलं, माझा हात दुखायला लागलाय.

एवढं वाक्य. रानात, चौघींसमोर, तोंडानं. शेजारीण म्हणाली, “मंग थांबा.” तिनं माझ्या पट्टीचे कांदे स्वतःकडं ओढून घेतले आणि बोलणं जिथं तुटलं होतं तिथून पुढं सुरू झालं. मी मांडीवर हात ठेवून बसून राहिले. दुपारनंतर पुन्हा थोडं काटलं, पुन्हा थांबले. दिवसाकाठी माझं काम एका बाईच्या निम्मंही भरलं नसेल.

उठताना मी म्हटलं की माझं हे असलं काम, माझ्या रानाचं मी माझं बघते, तुम्ही नका येऊ. शेजारीण फडकं झटकत होती. ती म्हणाली की परवा तुमच्याच रानात यायचं ठरलंय, चहा तेवढा लवकर टाका.

अर्धा हात देऊन पुरी सावड घ्यायची, याची मला लाज वाटत होती आणि अजून वाटते. पाय घराकडं वळत नव्हते. नको म्हणून सांगावं, दारातूनच परत पाठवावं, असं दोन दिवस मनात चाललं होतं. ठरल्या दिवशी उजाडता उजाडता त्या चौघी बांध ओलांडून आल्या. मी त्यांना येऊ दिलं.